बिल्ला नंबर चौसष्ट

"आले का सारे वर?"

संध्याकाळी सहा-साडेसहाला हा प्रश्न आमच्या दारावरून जायचा. विचारणारा दारात थांबायचा नाही की आत डोकावायचा नाही. चपला फरफटवत, काखेत कापडी पिशवी दाबून ताकसांडे काका रस्त्यानं जायचे आणि प्रत्येक घरासमोर एकदा विचारायचे. घरातून कोणीतरी ओरडायचं, "आले, काका, आले." कोणाचं माणूस वणीहून यायचं राहिलं असलं तर, "एक खाली आहे." मग परत येताना काका त्या घरासमोर पुन्हा विचारायचे. राजूरला नव्यानं लग्न होऊन आलेल्या पोरी पहिल्या दिवशी दचकायच्या. वर म्हणजे कुठं वर, असं माझ्या एका सहकारी बाईंनी मला शाळेत खालच्या आवाजात विचारलं होतं.

वर म्हणजे खाणीतून वर. काका खाणीच्या लॅम्परूममध्ये छत्तीस वर्षं होते. लॅम्परूम म्हणजे एक लांबट खोली आणि तिला एक खिडकी. पाळीवर जाणारा कामगार खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा, काका तो भिंतीवरच्या फळीला त्याच नंबरच्या खिळ्यावर लटकवायचे आणि त्याला त्याच नंबरचा टोपीचा दिवा द्यायचे. पाळी सुटली की दिवा आत, बिल्ला बाहेर. फळीवर बिल्ला लटकलेला असेल तर तो माणूस अजून खाली आहे. इतका साधा हिशेब. माझे बाबा सव्वीस वर्षं त्या खिडकीतून दिवा घेऊन खाली गेले आणि सव्वीस वर्षं वर आले, म्हणून ताकसांडे काका नात्यानं आमचे कोणी नसूनही कोणीतरी होते.

हट्टी मात्र विचारू नका! एका दिवशी सकाळची पाळी सुटली, सारे दिवे परत आले, एक नाही. साहेब म्हणाला, गेला असेल लेकाचा दिवा घेऊन घरी, करा सही आणि करा खिडकी बंद. असं व्हायचंही. एक जण तर दिवा घेऊन थेट साळ्याच्या लग्नाच्या वरातीत नाचला होता, आणि काकांनी नवरदेवासमोर त्याच्या डोक्यावरून टोपी उतरवून आणली होती. तरी त्या दिवशी काका म्हणाले, "बिल्ला लटकून राह्यला साहेब. मी सही करत नाही." साहेब चिडला. काका खिडकीत स्टूल टाकून बसले. पुढच्या पाळीचे लोक दिव्यासाठी रांगेत उभे, तर त्यांनाच म्हणाले, "दिवे देतो, पहिले तीन नंबरच्या बोगद्यात पाहून या." पाय मुरगळून, दिवा विझून, तो माणूस तिथंच भिंतीला टेकून बसला होता. वर आल्यावर काकांनी त्याला आधी शिवी घातली आणि मग पाणी दिलं.

निवृत्त झाले तेव्हा सत्कारात शाल-नारळ मिळालं. ते काकूंच्या हातात देऊन काकांनी साहेबाकडं दोनच वस्तू मागितल्या. त्यांचा स्वतःचा बिल्ला, नंबर चौसष्ट. आणि जुनी, भंगारात निघालेली फळी. ती फळी त्यांनी घराच्या ओसरीत ठोकली आणि दुरुस्तीचं काम सुरू केलं. कोणाचा मिक्सर, कोणाची बॅटरी, विहारातला माईक, सोयाबीन फवारायचा पंप. वस्तू आली की तिच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला फळीवर. दुरुस्त झाली की बिल्ला खाली. "बंद पडलं" हा शब्द त्यांना चालायचा नाही. "बंद काहून म्हणता? खाली हाय म्हणा." पार्बताकाकू वैतागून म्हणायच्या, "ह्या माणसानं माहा संसारबी खिळ्याले टांगून ठेवला वो!"

त्यांच्या एकाही शर्टाला पोटाजवळ धड कापड नव्हतं. जुन्या दिव्यांच्या बॅटरीतलं ॲसिड उडून बारीक बारीक भोकं पडलेली. नवा शर्ट आणला तरी महिनाभरात त्याचीही चाळणी. सेल चालू आहे की गेला हे ते जिभेला लावून सांगायचे. "हाय थोडा. खारट लागून राह्यला." मी विज्ञान शिकवते, मला ते पाहवायचं नाही. मी ओरडले की शांतपणे दुसरा सेल जिभेला लावायचे. आणि कोणतीही वस्तू परत देताना आधी तिचा उजेड, वारा, आवाज काय असेल तो स्वतःच्या तळहातावर घेऊन पाहायचे. मिक्सरसुद्धा तळहात वर धरून. सवय! प्रत्येक दिवा तळहातावर उजेड पाडून मगच खिडकीबाहेर दिलेला माणूस.

आता संजूचं सांगते, कारण त्याच्याशिवाय काका पूर्ण होत नाहीत.

संजू माझा धाकटा भाऊ. एकोणतीस वर्षांचा. लहानपणापासून स्नायू झिजत जायचा आजार. आधी पाय गेले, मग खांदे, मग मानेचा जोर. आता उजवा अंगठा, डाव्या हाताची दोन बोटं आणि जीभ एवढं व्यवस्थित चालतं. जीभ तर फारच. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. खिडकीला लागून त्याची खाट, मागं उशांचा डोंगर. त्याच्या हातात अकरा वर्षांपासून एक व्हिडिओ गेम. हातात धरायचा, जुना, काळा, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं. मोबाईलच्या काचेवर त्याचं बोट घसरतं, नवीन गेम विटेसारखे जड येतात. ही एकच गोष्ट त्याच्या हाताला बसलेली. जुनी म्हणून मागवलेली दुसरी एक आली, तिची अर्धी बटणं मेलेली. कंपनीनं बनवणं कधीच बंद केलं.

त्यात तो फुटबॉल खेळायचा. खेळाडूंची नावं बदलता येतात, म्हणून त्यानं आख्खी टीमच राजूरची केली होती. दूधवाला, पोस्टमन, आमचे बाबा. अकरा वर्षांत त्या टीमनं कुठले कुठले कप जिंकले! सकाळी आंघोळ, चहा झाला की संजू म्हणायचा, "ताई, मॅच आहे," आणि मी शाळेत जायची. संध्याकाळी आले की काय झालं ते ऐकायचं. त्याच्या दिवसाला बाकी कसलाही आकार नव्हता. मी हे स्पष्ट सांगते, कारण पुढचं माझ्या हातून झालं आहे.

त्या गेमची बॅटरी फुगली होती, म्हणून मी ती काढून टाकली होती आणि तो नुसत्या चार्जरवर चालायचा. एक दिवस तो मधेमधे अडकायला लागला. मी कुठंतरी वाचलं की आतला सगळा कारभार, म्हणजे सॉफ्टवेअर, नव्यानं भरला की सुधारतो. संजू म्हणाला, "ताई, आधी बॅटरी आण. मधेच लाईन गेली तर?" मी म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे. मला शिकवू नको." मे महिना, दुपारचे दोन. सहाव्या मिनिटाला लाईन गेली.

लाईन आली. गेम काही आला नाही. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, पडदा काळा, आणि थोड्या वेळानं दिवाही जायचा. वणीच्या दुकानात दाखवलं, तिथल्या पोरानं नाक मुरडलं, "मॅडम, ही तर वीट झाली, आता चालू होत नाही." संजू मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. जेवण अर्ध्यावर आलं. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "तू नको त्रास करून घेऊ. झालं ते झालं." त्या रात्रीच्या स्वयंपाकात मी मीठ टाकलं की नाही मला आठवत नाही. मी मेली का नाही त्यापेक्षा, असं वाटत होतं.

त्या आठवड्यात काका बोरी अरबला बहिणीकडं गेलते. परतल्यावर संध्याकाळी दारावरून प्रश्न आला. मी काही बोलले नाही. काका पुढं गेले, थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा मागं वळून आमच्या ओसरीत आले.

"काहून वो मास्तरीणबाई, उत्तर नाही?"

मी सगळं सांगितलं, रडत आणि चिडत. त्या पोराच्या "वीट" शब्दासकट. काकांनी गेम हातात घेतला, उलटापालटा केला.

"याच्यात काय होतं?"

"अकरा जणांची टीम होती, काका. राजूरचीच सगळी."

"होती म्हणजे? मेली का थे?"

खाटेवरून संजूचा आवाज आला. चार दिवसांतला पहिला खणखणीत आवाज. "मेली नाहीत. ती कार्डात आहेत. कार्ड चांगलं आहे. मशीनला फक्त जागं व्हायचं कसं ते आठवत नाही."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच सही करून खिडकी बंद केली आहे. "अकराच्या अकरा जिती हायेत अन् तुम्ही हे फेकाले निघाल्या? रस्ताच तं बंद झाला ना? मंग खोदा लागते!"

दुसऱ्या दिवशी फळीवर नवीन बिल्ला लागला. 'संजू — ११ माणसं.'

रस्ता शोधला संजूनंच. मोबाईलला बोलून बोलून त्यानं जगभरातल्या लोकांचं जुनं लिखाण धुंडाळलं. निघालं ते असं. हे मशीन जागं होताना पहिले बॅटरीला तिचा नंबर विचारतं. प्रत्येक बॅटरीच्या पोटात एक चिप असते, तिच्यात तो नंबर. नंबर सांगितला की मशीन आपल्या आतल्या स्मरणातून सुरू होतं, आणि आमचं तर तेच पुसलं गेलेलं. पण बॅटरीनं नंबरच सांगितला नाही, तर मशीनला वाटतं की हा कंपनीचा दुरुस्तीवाला आला, आणि ते आतलं सोडून बाहेरच्या कार्डावरून सुरू होतं. त्यासाठी एक वेगळं कार्ड घेऊन त्यावर नवा कारभार ठेवायचा. म्हणजे काय, तर एक जुनी बॅटरी घ्यायची, उघडायची आणि त्या चिपचा एक पाय कापायचा.

मला वाटलं काका उडी मारतील. त्यांनी उलट विचारलं.

"म्हणजे नंबर मिटवाचा?"

"हो, काका."

"बिननंबरी दिवा?"

संजू हो म्हणाला. काकांनी चष्मा काढून पिशवीत टाकला. "छत्तीस वर्षांत बिननंबरी दिवा म्या खिडकीतून देल्ला नाही बाप्पा. ज्याले नंबर नाही थो माणूस खाली राह्यला तं कोणाले समजन?" आणि उठून गेले. मी तर कपाळाला हात लावला. एका सेलच्या तुकड्यासाठी या माणसाची तत्त्वं आडवी यायची होती!

सकाळी शाळेत निघाले तर काका दारात. हातात चौसष्ट नंबरचा बिल्ला, दोऱ्यात ओवलेला. "तिच्या पोटातला नंबर काढू. पण वरून माहा बांधू. कोणी विचारलं कोणाची हाय, तं ताकसांडेची." प्रश्न मिटला.

मी नवी बॅटरी मागवली. काकांनी तिचं टरफल सुरीनं उघडलं आणि आत पाहून तोंड वाकडं केलं. डुप्लिकेट माल. चिपवर काळा गोंद ओतलेला, पाय दिसेनात. "हिले पायच नाही, कापू काय?" ती बाजूला ठेवली. जुनी, अस्सलच पाहिजे होती. वणी झालं, मारेगाव झालं, कोणाकडं नाही. तेव्हा काकांना आठवलं की बोरी अरबच्या बाजारात एक मोबाईलवाला मेलेल्या बॅटऱ्या बादलीत साठवतो. उन्हाळ्याचे दिवस, सत्तरीला आलेला माणूस, खोकला धरलेला. मी म्हटलं, फोन करू. म्हणाले, "फोनवर जीभ लावता येते का?" पहाटेची एसटी धरून जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. दुसऱ्या दिवशी आले ते डब्यात सरकीच्या कापसात गुंडाळलेल्या दोन बॅटऱ्या घेऊन. अख्खी बादली ओतून, एकेक पाहून, बहिणीच्या घरी चार्ज करून आणलेल्या. "दोनच निघाल्या. दोन्ही खारट."

रविवारी सकाळी काम काढलं. संजूच्या खाटेला लागून टेबल. टेबलाच्या त्या बाजूला काका, या बाजूला उशांना टेकून संजू, मधे मी भिंग आणि टॉर्च धरून. चिप तांदळाच्या दाण्याएवढी. चार पाय इकडं, चार पाय तिकडं. काकांनी चहा नाकारला, हात तीनदा धुतले, ब्लेडचा कोपरा तोडून चिमट्यात धरला.

"सांग."

संजू म्हणाला, "वरच्या ओळीतला, डावीकडून पहिला."

काकांनी श्वास सोडला आणि कापला.

संजू ओरडला, "काका, डावीकडचा म्हटलं ना!"

"डावीकडचाच तं कापला बे, तुह्या!"

मग आम्हाला उलगडा झाला. संजूनं आधीच विचार करून काकांच्या डाव्या हाताची बाजू सांगितली होती. आणि काका छत्तीस वर्षं खिडकीच्या आत उभे राहिलेले. बाहेरच्या माणसानं डावीकडचा खिळा म्हटलं की तो आपल्या उजवीकडचा, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. समोरच्याची डावी ती माही उजवी! दोघांनीही एकमेकांच्या बाजूनं विचार केला आणि चुकीचा पाय मुळापासून उपटून आला. चिपच गेली. मी भिंग टेबलावर आपटलं आणि दोघांनाही नाही नाही ते बोलले. एकालाही बोलायचा मला अधिकार नव्हता, लाईन माझ्यामुळं गेली होती, पण राग काय अधिकार पाहून येतो?

काका ऐकून घेत होते. माझं संपल्यावर त्यांनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि संजूच्या खाटेवर, त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून बसले. उशी जरा सरकवून स्वतःसाठी जागा केली.

"आता एकाच बाजूनं पाहू. आता तुही डावी ते माही डावी. सांग."

त्यांच्या अंगाला सोल्डरचा आणि पानातल्या काताचा वास असायचा. संजूची मान एका बाजूला कलली होती, ती काकांच्या खांद्यावर टेकली, काकांनी ती तशीच राहू दिली. दुसरी बॅटरी. शेवटची. संजू म्हणाला, "डावीकडून पहिला." काका म्हणाले, "हा?" ब्लेड टेकवून दाखवलं. "हा." टॉर्चचा उजेड चिपवरून सरकत होता. "मास्तरीणबाई, दिवा नीट धरा," काका म्हणाले आणि कापला. पाय हलकेच वर उचलून ठेवला, टरफल लावलं, त्यावर चौसष्टचा बिल्ला बांधला.

खूण अशी होती की ही बॅटरी लावली की मशीन बटण न दाबता आपोआप जागं व्हायला हवं. काकांनी बॅटरी लावली. कोणी बटणाला हात लावला नाही, आणि हिरवा दिवा लागला!

पडदा मात्र काळाच.

कार्ड मी तयार केलं होतं, शाळेच्या कॉम्प्युटरवर. पुन्हा केलं. पुन्हा काळा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझा संयम संपला. "जाऊ द्या मेलं ते! नाही होत!"

"हिरवा दिवा लागून राह्यला का नाही?"

"लागतो, पण काय उपयोग?"

"अवो, दबलेला माणूस आतून दगड वाजवते, तसा हाय हा. आवाज आला म्हणजे माणूस जिता हाय. आवाज येऊन राह्यला अन् तुम्ही फावडं टाकता?" काका रागावले तर आवाज उलट खाली जायचा. "तुम्ही कार्डात काय केलं, थे या पोट्ट्याले पहिलेपासून सांगा. एकेक."

मी सांगायला लागले. दुसऱ्याच वाक्याला संजूनं डोळे मिटले. कार्ड आधी एका खास पद्धतीनं कोरं करायचं होतं. हे त्यानं मला तीनदा सांगितलं होतं. आणि मी, बारा वर्षं शाळेची सगळी ऑनलाईन माहिती भरणारी बाई, ते कानावरून घालवून माझ्या नेहमीच्या पद्धतीनं कोरं करत होते. मला शिकवू नको! आमच्या घरात या वाक्यानं जेवढं नुकसान केलं तेवढं त्या लाईननं केलं नाही.

चौथ्यांदा कार्ड केलं ते संजूला शेजारी फोनवर घेऊन, त्यानं सांगितलं तसं, एक अक्षर न बोलता. घरी आले. काका तिथंच, खाटेवर, त्याच्या बाजूनं बसलेले. बॅटरी लावली. हिरवा दिवा. मग शेजारचा केशरी दिवा लुकलुकला. मग पडद्यावर अक्षरं.

मी किंचाळले. पार्बताकाकू शेजारून धावत आल्या, त्यांना वाटलं संजूला काही झालं.

संजूचा अंगठा बटणावर गेला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. आणि या वेळी मी चार्जर लावलेला नव्हता, लाईन गेली तरी चालणार होतं, तरी मी पूर्ण वेळ पंख्याकडं बघत होते. पट्टी भरली. बिननंबरी बॅटरी काढून गोंदवाली डुप्लिकेट लावली. रोजच्या कामाला ती चालून गेली. संजूनं त्याचं कार्ड घातलं, मॅच उघडली.

काकांनी विचारलं, "आले का सारे वर?"

संजू मोजू लागला. दूधवाला, पोस्टमन, बाबा. दहा झाले. "आणि गोलकीपर." काकांनी चष्मा लावून वाचलं. डी. ताकसांडे. पाठीवर ६४.

"अबे, मले काहून खाली पाठवलं? म्या तं जन्मभर वरच होतो!"

"तुम्ही खिडकीतच आहात, काका. सगळे पुढं जातात, तुम्ही तिथंच उभे."

काकांनी गेम हातात घेतला, तळहात पुढं केला आणि पडद्याचा उजेड त्यावर पाडून पाहिला. नीट पाहिला. मग तो संजूच्या बोटांत बसवून दिला आणि घरी जाऊन फळीवरचा बिल्ला काढला. ओसरीतल्या लोखंडी पेटीत तो टाकल्याचा आवाज आमच्या घरापर्यंत आला.

चौसष्टचा बिल्ला मात्र आमच्याकडंच राहिला, त्या बॅटरीला बांधलेला, संजूच्या खिडकीजवळच्या खिळ्यावर. "पुन्हा कधी लागली तं?" काका म्हणाले. त्यानंतर ते रोज संध्याकाळी फेरी संपवून संजूकडं येऊन बसू लागले. खाटेवर, त्याच्याच बाजूनं. गोल झाला की संजूपेक्षा जास्त भांडायचे. "मी झोपलो होतो काय बे? हात लांब कर ना माहा!"

खोकला वाढत गेला. छत्तीस वर्षांची खाणीची धूळ आणि ॲसिडची वाफ, आणखी काय व्हायचं? यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं. काका नागपूरहून परत आले नाहीत. मी हे आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट त्याच्यावर करायचा नाही. बातमी आली त्या दिवशी मी खिळ्यावरचा बिल्ला काढून पार्बताकाकूंना द्यायला निघाले होते. संजू माझ्यावर एवढा ओरडला की त्याला धाप लागली. मी बिल्ला परत लटकवला, आणि आम्ही दोघं खूप रडलो.

मला सांगायची आहे ती त्यांच्या जाण्याची सकाळ. दहा वाजलेले. काकांच्या पोरानं नागपूरहून गाडी आणली होती. काकू पिशव्या भरत होत्या. काका कसेबसे आमच्या ओसरीपर्यंत आले आणि संजूच्या खिडकीबाहेर, गज धरून उभे राहिले. संजू आत, काका बाहेर. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संजू म्हणाला, "ताई, काकांचा बिल्ला काढून दे. त्यांना लागेल."

"बिल्ला घेऊन कोणी खाली जाते का बे?" काका म्हणाले. बोलताना दोनदा थांबले. "बिल्ला इथंच द्या लागते."

संजूनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग मला म्हणाला, "मग तो टॉर्च दे."

चिपचा पाय कापताना मी धरला होता तोच टॉर्च. मी तो घेतला आणि तसाच गजातून द्यायला लागले, तर संजू म्हणाला, "असा नको. आधी पाह्य." तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी टॉर्च लावला, संजूचा हात उचलून त्याच्या तळहातावर उजेड पाडला. त्यानं पाहिला. मान हलवली. मग मी तो गजातून काकांना दिला.

काकांनी टॉर्च शर्टाच्या खिशात ठेवला. भोकांच्या शर्टाच्या. पोरानं त्यांना धरून गाडीत बसवलं. गाडी सुरू झाली, आमच्या दारासमोरून हळू निघाली, तेव्हा त्यांनी काच खाली केली. सकाळचे दहा, तरी त्यांच्या तोंडून तेच आलं.

"आले का सारे वर?"

"दहा वर, काका," संजू आपल्या साऱ्या ताकदीनं ओरडला. "एक खाली हाय!"

काकांनी मान हलवली, रोजच्यासारखी. "मंग खिडकी लावू नको," ते म्हणाले.

गाडी वणीच्या रस्त्याला लागली. संजूनं मला खिडकीचं दुसरं दारही उघडायला लावलं. ते तेव्हापासून उघडंच आहे.